एका सभासदास एक डोळा

अपूर्णतेशी तडजोड करणे हे मनुष्यजातीच्या अधोगतीचे आद्य कारण होय, असे थोर विचारवंतांनी वारंवार सांगितलेले आहे. (कोणत्या, ते शोधण्याचे काम चालू आहे.) या जगात सर्वस्वी निर्दोष अशा वस्तू दोनच प्रकारच्या आढळतात. एक, ज्या अद्याप तयार झालेल्या नाहीत. आणि दुसऱ्या, ज्या फोडून टाकण्यात आलेल्या आहेत. मधल्या अवस्थेतील यच्चयावत वस्तूंत काही ना काही खोट असतेच. हा सिद्धान्त ज्यांना ग्रंथांतून शिकावा लागतो त्यांची कीव येते. आम्हांस तो रोजच्या कामातून प्राप्त झाला, कारण आम्ही काचेच्या कारखान्यात नोकरीस आहोत. प्रस्तुत लेखक तेथील कामगारांच्या आरोग्य निधीचा चिटणीस असून, निधीच्या सुधारणेचा हा वृत्तांत सर्वांच्या मार्गदर्शनार्थ सादर करीत आहे.

आमच्याकडे खिडक्यांच्या काचांचे तक्ते तयार होतात. भट्टीतून निघून, थंड होऊन, कापला गेलेला प्रत्येक तक्ता पारख विभागात येतो. तेथे मोठ्या खिडकीसमोर एक लाकडी चौकट उभी आहे. तीत तक्ता बसवतात आणि पारखी उजेडाच्या दिशेने तोंड करून त्यातून आरपार पाहतो. बुडबुडा, रेघ, लाट, खडा, यांपैकी काहीही दिसले की तो हातातील हातोडा तक्त्याच्या मधोमध हाणतो. तक्ता खालच्या पेटीत कोसळतो, चुरा ढकलगाडीतून भट्टीत परत जातो आणि त्याचाच नवा तक्ता होतो. ज्याने तो घडवला त्याने कपाळाला आठी न घालता फक्त ‘पुन्हा’ म्हणावयाचे, असा आमचा जुना रिवाज आहे. विभागाच्या भिंतीवर ‘डाग तिथे हातोडा’ हे वचन ठळक अक्षरांत रंगवलेले आहे. काचेचा मोठेपणा असा की, तिला कितीही वेळा फोडून वितळवले तरी तिचे काहीही बिघडत नाही. मनुष्यासही हे लागू असावे, असे गृहीत धरून आम्ही पुढील कार्यास हात घातला.

प्रथम जुन्या निधीविषयी. तो स्थापन झाला तेव्हा काच कारखान्यातील दुखणे म्हणजे काच लागणे, अशी सर्वांची प्रामाणिक समजूत होती. सबब नियम झाला की, रक्त दिसल्यास खर्च निधीने करावा. न दिसल्यास दुखणे हे सभासदाचे खाजगी मत समजावे. नियम सुटसुटीत होता आणि माणसे नियमापेक्षा अधिक सुटसुटीत निघाली. कावीळ झालेला सभासद दवाखान्यात येताना बोटाला जरासा चिरा पाडून येऊ लागला. आमचा कंपाउंडर हा समंजस मनुष्य. तो रक्त पाहून ‘बोट कापल्यामुळे उद्भवलेली कावीळ’ अशी नोंद करी. या पद्धतीने बोट कापल्यामुळे मूतखडा, बोट कापल्यामुळे दमा, बोट कापल्यामुळे अर्धांगवायू इत्यादी विकारांवर निधीने यशस्वी उपचार केले. भट्टीवरील एका मुकादमाच्या सुनेचे बाळंतपण तर ‘करंगळीस काच लागल्याने’ सुखरूप पार पडले. (मुलगी झाली. वजन चांगले होते.) एकंदरीत आमच्या कारखान्यात आजारांचे प्रमाण शून्य आणि बोटांचे प्रमाण चिंताजनक होते.

या व्यवस्थेत बसत नव्हता असा एकच मनुष्य होता, तो म्हणजे आमचे पारखीकाका.

काका उमेदीची वर्षे भट्टीच्या तोंडाशी उभे होते. नंतर त्यांची नजर पाहून त्यांना पारख विभागात नेमण्यात आले. त्यांच्या हातून आजवर एकही डागी तक्ता सुटलेला नाही आणि त्यांच्या अंगाला एकदाही काच लागलेली नाही, या दोन गोष्टींचा कारखान्यास अभिमान. त्यांची पत्नी, म्हणजे पारखीकाकू, पलीकडच्याच खोलीत तक्ते वाळल्या गवतात बांधण्याचे काम करते. एके दिवशी काकूने काकांचा हात धरून त्यांना दवाखान्यात आणले व डॉक्टरांपुढे बसवले.

“चहा कपाच्या बाहेर ओततात,” ती म्हणाली. “परवा मला वहिनी म्हणाले. शेजारीण समजून.”

“ती आवाज बदलून बोलली होती,” काका म्हणाले.

“मी गप्प होते.”

डॉक्टरांनी तपासले. भट्टीच्या आचेने दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता. शस्त्रक्रिया लवकर करावी, फार पिकू दिला तर मग हाताशी काही राहणार नाही, असे त्यांनी बजावले. कंपाउंडरने सवयीने काकांचे बोट पुढे घेतले. काकांनी ते मागे घेतले.

“मी डागी तक्ता कधी पास केला नाही,” ते म्हणाले. “आता डागी दुखणं पास करू?”

या उद्गाराने आम्ही सारे भारावून गेलो. (डॉक्टर भारावले नाहीत, ते बाहेरगावचे आहेत.) आणि अशा नरपुंगवास डोळे मिळवून द्यावयाचे तर निधीचीच सुधारणा केली पाहिजे, असे ठरून व्यवस्थापनाकडे मागणी करण्यात आली. व्यवस्थापनाने आढेवेढे घेत घेत अखेर एक मसुदा पाठवला.

मसुद्याविषयी निष्पक्षपातीपणे सांगावयाचे तर, त्यात रक्ताची अट काढलेली होती. ताप, कावीळ, दमा, हृदय, गुडघे, बाळंतपण असे सारे विकार त्यांच्या स्वतःच्या नावाने होण्याची मुभा प्रथमच मिळत होती. परंतु कलमे पाहा. दातांपैकी पुढचे धरावेत, दाढा धरू नयेत. (दिसत नाहीत, हे कारण.) सभासदाच्या आईवडिलांपैकी कोणतेही एक धरावे, निवड सभासदाने करावी. खोकला कोरडा असल्यास निम्मा खर्च. आणि नेत्रविकारांच्या सदराखाली हे कलम: एका सभासदास एक डोळा.

सर्वसाधारण सभा भोजनगृहात भरली. तेथील एका खिडकीला काच नाही, पुठ्ठा लावलेला आहे. तिच्यासाठी अनेकदा तक्ते निवडण्यात आले. परंतु आमच्याच घरात डागी काच बसवणे शोभणार नाही म्हणून ते सर्व परत भट्टीत गेले. पुठ्ठ्याच्या बाजूने वारा येत असल्याने सभा नेहमी नाक ओढीत भरते. निधीच्या घटनेप्रमाणे मसुदा वाचणाऱ्या अथवा ऐकणाऱ्या प्रत्येकास मताचा अधिकार आहे आणि विरोध बोलूनच दाखवला पाहिजे असे नाही. एखादे कलम ऐकून कोणी हसल्यास तो विरोध समजला जातो. भित्र्या सभासदांच्या सोयीसाठी ही तरतूद आहे. मी ते डोळ्याचे कलम वाचले आणि सभेत हशा पिकला. मी शांतपणे तो मोजून घेतला.

मग आमचा वकील उठला. हा तक्ते कापण्याच्या विभागात आहे. एकदा एका खटल्यात साक्ष देऊन आल्यापासून त्यास वकील म्हणतात.

“मी एवढंच विचारतो,” तो म्हणाला, “मसुदा करणाऱ्याला कुणी कधी माणूस दाखवलाय का? माणसाला डोळे किती?”

“दोन,” सभा म्हणाली.

“म्हण काय आहे आपली? आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. इथे आपण मागतोय दोन आणि हे देतायत एक. म्हणजे देवाचाही हिशेब यांनी अर्ध्यावर आणला.”

काकू गवताने भरलेले हात पदराला पुसत पुढे आली.

“वकील, तुमचे दोन्ही शाबूत आहेत ना?”

“आहेत.”

“मग खाली बसा. यांना आत्ता एक द्या. दुसऱ्याचं पुढच्या वर्षी भांडू. मी येते भांडायला.”

“काकू, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. दुधाची तहान ताकावर किती दिवस भागवायची? प्रश्न तत्त्वाचा आहे.”

“तत्त्वाला मोतीबिंदू होत नाही हो. म्हणून त्याचं बरं चाललंय.”

येथे सभेत सरळ दोन तट पडले. एक ‘असू द्या’ पक्ष आणि दुसरा ‘पुन्हा’ पक्ष. पहिल्या पक्षात मुख्यत्वे आजारी माणसे होती. त्यामुळे त्यांची मते स्वार्थाने कलुषित होती, हे उघड आहे. ‘पुन्हा’ पक्षातील मंडळी ठणठणीत असल्याने त्यांना विषयाकडे तटस्थपणे पाहता येत होते. हशा व हात यांची बेरीज केली असता दोन्ही बाजू समसमान भरल्या. राहिले एकच मत. ते काकांचे होते.

काका उभे राहिले. त्यांच्या हातात हातोडा होता. (तो नेहमीच असतो.)

“माझ्यासाठी कुणी डाग पास करू नका,” ते म्हणाले. “मला डाग दिसला, की माझा हात उठतो. त्यात माझं-तुझं नसतं.”

“अहो, समोर कोण उभं आहे ते तरी दिसतंय का तुम्हाला?” काकूने विचारले.

“आवाजावरून कळतंय ना,” काका म्हणाले आणि त्यांनी हातोडा टेबलावर हाणला.

सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. मसुदा एका मताने पडला. रिवाजाप्रमाणे त्याचे तुकडे करून ते भट्टीत टाकण्यात आले आणि आम्ही सर्वांनी एकमुखाने ‘पुन्हा’ म्हटले. पुठ्ठ्याच्या बाजूचे दोघे शिंकले. त्यांच्या शिंका वृत्तांतात घेतलेल्या नाहीत.

दुसरा मसुदा आला तो सांगण्यास आनंद वाटतो. त्यात दोन्ही डोळे होते. ‘पुन्हा’ पक्षाच्या दूरदृष्टीचा याहून मोठा पुरावा कोणता? मात्र डोळा वाढला म्हणून व्यवस्थापनाने गुडघे काढून घेतले होते. आता, काकूची आई तिच्याचजवळ राहते आणि गुडघ्यांपायी अंथरुणाला खिळलेली आहे. पहिल्या मसुद्यात आईची सोय होती. मी डोळ्यांचे कलम वाचले तेव्हा काकूचा चेहरा उजळला. पुढचे वाचले तेव्हा ती बराच वेळ पुठ्ठ्याकडे पाहत राहिली.

“म्हणजे आईचे गुडघे विकून यांचे डोळे आणायचे?” ती म्हणाली. “घरी जाऊन काय सांगू तिला? जावयाला दिसतंय म्हणून?”

मग तिनेच हात वर केला, ‘पुन्हा’च्या बाजूने. तिच्यामागोमाग गवतखोलीतील साऱ्या बायकांनी केला.

“उभ्या जन्मात पहिल्यांदा आमचं एकमत झालं,” काका कौतुकाने म्हणाले आणि त्यांनी हातोडा हाणला. तो टेबलाच्या कडेला लागला. टेबलाचा टवका गेला.

तिसऱ्या मसुद्यात डोळे व गुडघे होते, हृदय नव्हते. चौथ्यात हृदय होते, परंतु चाळिशीपर्यंतच. यापुढे प्रत्येक वेळी पहिले पाढे पंचावन्न झाले, असे कोणी कुत्सित मनुष्य म्हणेल. वस्तुस्थिती निराळी आहे. मसुदा दर खेपेस अधिकाधिक निर्दोष होत होता, कारण ज्या कलमावर आक्षेप निघे ते कलमच व्यवस्थापन आनंदाने गाळून टाकी. सातवा मसुदा एका वाक्याचा होता: ‘सर्वांचे आरोग्य उत्तम राहो, अशी व्यवस्थापनाची इच्छा आहे.’ यात शोधूनही खोट सापडेना. सभा अस्वस्थ झाली. अखेर वकिलाने दाखवून दिले की ‘सर्वांचे’ म्हटल्याने यात व्यवस्थापकांचेही आरोग्य धरले जाते आणि ते आम्ही मागितलेले नव्हते. हातोडा पडला. सभेने सुटकेचा नि:श्वास टाकला.

या कालखंडात कारखान्याच्या गुणवत्तेने जे शिखर गाठले, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. पूर्वी पारख विभागात शंभरातील पाच-सहा तक्ते फुटत. पहिल्या मसुद्याच्या सुमारास वीस फुटू लागले, तिसऱ्याच्या सुमारास साठ. काकांना आता प्रत्येक तक्त्याच्या मधोमध एक करडा, धुरकट डाग दिसू लागला होता. भट्टीवाल्यांनी वाळू बदलली, चुन्याचे प्रमाण बदलले, भट्टी विझवून नव्याने पेटवली. डाग तोच, जागा तीच. भट्टीवाल्यांच्या निष्काळजीपणाबद्दल त्यांस समज देण्यात आली आणि काकांच्या काटेकोरपणाबद्दल त्यांस मानपत्र देण्यात आले. मानपत्र त्यांस वाचून दाखवण्यात आले. शेवटी शेवटी कारखान्यातून एकही सदोष तक्ता बाहेर जाईनासा झाला. (निर्दोषही जाईनासा झाला, परंतु कोणत्याही मोठ्या ध्येयासाठी किंमत मोजावी लागते.)

अशात एके सकाळी भट्टी बंद होती. तक्ते आणणारे दोघे हमाल चौकटीशेजारी बसून विडी ओढीत होते. चौकट रिकामी होती. काका नेहमीप्रमाणे समोर येऊन उभे राहिले. त्यांनी मान तिरकी करून पाहिले, एक पाऊल मागे जाऊन पाहिले.

“मधोमध,” ते म्हणाले. “हाही गेला.”

“काका, थांबा,” एक हमाल म्हणाला, “त्याच्यात...”

काकांनी आयुष्यात कोणाचे अपील ऐकलेले नाही. त्यांनी हातोडा पूर्ण ताकदीने हाणला. अडवण्यास काच नसल्याने तो चौकटीतून आरपार गेला, त्याच्यामागून काका गेले आणि पेटीतील जुन्या चुऱ्यावर त्यांचा गुडघा आदळला.

येथे सांगण्यास समाधान वाटते की, रक्त आले.

जुन्या निधीस नावे ठेवणाऱ्यांनी त्या दिवशीची तत्परता पाहावयास हवी होती. कंपाउंडर धावत आला, रक्त पाहून त्याचा जीव भांड्यात पडला, कारखान्याची गाडी निघाली आणि काका इस्पितळात खाटेवर पडले तेव्हा त्यांच्या चहाचीसुद्धा सोय झालेली होती. त्यांच्या खाटेपलीकडे भिंत होती आणि भिंतीपलीकडे डोळ्यांचा विभाग होता. तेथील शल्यचिकित्सक त्या आठवड्यात मोकळे होते, असे काकू स्वतः जाऊन विचारून आली.

“कंपाउंडर,” ती म्हणाली, “बोट कापलं म्हणून तुम्ही बाळंतपण बसवलंत. आता गुडघा फुटला म्हणून डोळे बसवा.”

“बसतील की,” कंपाउंडर म्हणाला. “गुडघ्यातून वर चढला म्हणू.” आणि त्याने तेथल्या तेथे दाखला लिहिला: ‘गुडघ्यास काच लागल्यामुळे दोन्ही नेत्रांत उद्भवलेला मोतीबिंदू.’ खाली सभासदाची संमती तेवढी हवी होती. मी शिक्का घेऊन हजर होतोच.

“आणा बघू,” काका म्हणाले.

आम्ही कागद त्यांच्या हाती दिला. काकूने पेनचे टोपण काढून ठेवले. काकांनी कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला, कोरी बाजू स्वतःकडे करून. मान तिरकी केली. काकूने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

“अहो, सही करा. तुमच्या पाया पडते.”

“डाग आहे,” काका म्हणाले, आणि त्यांनी कागदाचे दोन, मग चार तुकडे करून पांघरुणावर ठेवले.

काकूने टोपण परत पेनाला लावले. ती आमच्याकडे पाहून म्हणाली, “म्हणा आता सगळे.”

आम्ही ‘पुन्हा’ म्हटले. रिवाजच तसा आहे.

गुडघा उत्तम बरा झाला. डोळ्यांच्या बाबतीत डॉक्टरांचे असे म्हणणे पडले की, दोन्हींची वेळ निघून गेलेली असून आता तेथे करण्यासारखे काही नाही. दु:खात सुख एवढेच की, त्यामुळे नेत्रविकारांच्या कलमावरील मुख्य अडचण आपोआप दूर झाली आहे. आठव्या मसुद्यात डोळे धरावेत की न धरावेत यावर आता कोणाचा वैयक्तिक स्वार्थ गुंतलेला नाही आणि चर्चा निखळ तात्त्विक पातळीवर होऊ शकेल. काकांना मसुदा समितीचे तहहयात अध्यक्षपद देण्यात आले आहे. काकू त्यांना हात धरून सभेला आणते, पुठ्ठ्याच्या बाजूला वारा लागणार नाही अशा जागी बसवते आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभी राहते. ती आता मतदान करीत नाही. हमालांपैकी एकाने पुठ्ठ्याच्या जागी साधी काच बसवण्याची सूचना केली होती. तीत बुडबुडा असल्याने सूचना बारगळली.

एक तांत्रिक बाब राहिली. मसुदा वाचणाऱ्या प्रत्येकास आमच्या घटनेप्रमाणे मताचा अधिकार असतो, हे वर आलेच आहे. सदर वृत्तांताच्या निमित्ताने आपणही पहिला मसुदा वाचलात. ‘एका सभासदास एक डोळा’ या कलमाशी पोहोचल्यावर ज्यांना हसू आले, त्यांची मते नियमानुसार ‘पुन्हा’ पक्षात मिळवून घेतली आहेत. (यावर अपील नाही.) निकालात त्यामुळे काही फरक पडत नाही. फक्त तो मसुदा एका मताने पडला, असे यापुढे कोणास म्हणता येणार नाही.